पारांगोले, म्हणजे अंगावर घेऊन नाचायचं शिल्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी नर्तक आणि शिल्पकलेचे विद्यार्थी यांची एकत्र शिबिरं घेते. पहिल्या दिवशी खोलीच्या मधोमध कापडांचा ढीग टाकला की प्रश्न सुरू होतात, आणि बहुतेक वेळा ते तेच असतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. मी शिल्पकार आहे, नर्तकी नाही. त्यामुळे वजन, शिवण आणि कापडाचा पोत यांवर जरा जास्त रेंगाळेन.

पारांगोले म्हणजे नेमकं काय?

ब्राझीलचा कलावंत एलिओ ओइतिसिका याने १९६४ पासून केलेल्या कलाकृतींना त्यानेच दिलेलं नाव. सुरुवातीला एक पताका, एक झेंडा आणि एक तंबू झाला. मग आल्या केप, म्हणजे खांद्यावरून घ्यायची थरांची वस्त्रं. सुती कापड, गोणपाट, प्लास्टिकच्या पिशव्या, जाळी, कधी आत दडवलेल्या रंगाच्या थैल्या, कधी लिहिलेलं एखादं वाक्य. ती कुणीतरी अंगावर घ्यायची आणि नाचायचं. वळलं, हात उचलला, उडी मारली की आतले थर बाहेर येतात, रंग दिसतो, अक्षरं वाचता येतात. नाचणारा थांबला की ते सगळं पुन्हा मिटतं.

ओइतिसिका फक्त कापडाच्या तुकड्याला पारांगोले म्हणत नव्हता. अंगावर घेणारा, त्याची हालचाल, त्याच्याकडे बघणारे आणि पुढच्याच क्षणी स्वतः ती केप अंगावर घेणारे, हे सगळं मिळून ते नाव होतं.

पण कापडाला शिल्प कसं म्हणायचं? हा तर वेश झाला.

शिल्पकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे विचारलंय, आणि विचारायलाच हवं.

वेश कुणाचा तरी असतो. राजाचा, कोळ्याचा, देवीचा. तो अंगावर चढला की माणूस दुसरा कुणीतरी होतो. पारांगोले घालून कुणी कुणाचं सोंग घेत नाही. दुसरी गोष्ट रचनेची. या केप ओइतिसिकाकडे शिवणकामातून आल्या नाहीत, रंगातून आल्या. १९५७-५८ मध्ये तो पुठ्ठ्यावर चौकोन रंगवत होता, आणि ते चौकोन ओळीत उभे असूनही जागचे हलल्यासारखे कलंडलेले होते. १९५९-६० मध्ये त्याने रंगवलेले लाकडी आकार छताला टांगले. मग लटकत्या फळ्यांच्या रचना केल्या, ज्यांच्यामधून माणसाने चालत जायचं. १९६३ पासून खोकी आणि काचेची भांडी आली, ज्यांत रंगाची भुकटी भरलेली असे आणि ज्यांचे खण उघडून बघायचे असत. रंग भिंतीवरून उतरला, खोलीत आला, हातात आला आणि शेवटी खांद्यावर बसला. हा प्रवास ध्यानात घेतला की केप शिवलेली कमी आणि रचलेली जास्त वाटते.

देवळात आपण मूर्तीला प्रदक्षिणा घालतो, कारण शिल्प एका जागेवरून पुरतं दिसत नाही. पारांगोलेत बघणारा उभा राहतो आणि शिल्प फिरतं.

मराठीत एक छान अडचण येते. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, शाल पांघरतो आणि दागिने लेतो. पारांगोलेला कुठलं क्रियापद लावायचं? शिबिरात यावर एकदा तासभर चर्चा झाली. मला स्वतःला ‘नेसणं’ सगळ्यात जवळचं वाटतं. नऊवारी घडी करून ठेवलेली असते तेव्हा ती निव्वळ लांब कापड असते. कमरेशी, पायांमधून, खांद्यावरून जाताना तिला आकार येतो आणि तो आकार नेसणारीच्या हाताचा असतो. त्यात शिवण नाही, साचा नाही.

ओइतिसिका नाचाकडे कसा वळला?

त्याचा जन्म १९३७ चा, रिओ दि जानेरोचा. घरात पुस्तकं आणि प्रयोगशाळा दोन्ही. आजोबा भाषाशास्त्रज्ञ आणि अराजकवादी विचारांचे, वडील छायाचित्रकार आणि कीटकशास्त्रज्ञ. मुलगा भूमितीच्या शिस्तीत वाढलेला. १९६४ मध्ये शिल्पकार मित्र जॅक्सन रिबेइरो त्याला कार्निव्हलचे चित्ररथ रंगवण्याच्या कामाला मांगेइरा वस्तीत घेऊन गेला. डोंगरावरची गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती. तिथली सांबा शाळा, म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकीत सांबा नाचणारं वस्तीचं मंडळ, १९२८ साली स्थापन झालेली, रंग हिरवा आणि गुलाबी. (मांगेइरा म्हणजे आंब्याचं झाड. पोर्तुगीजांनी आंबा आणि त्याचं नाव दोन्ही आपल्या किनाऱ्यावरून नेली, तेव्हा हा शब्द दूरचा पाहुणा असला तरी नात्यातला आहे.)

रंगवायला गेलेला हा मुलगा तिथेच रमला. मिरो नावाच्या नर्तकाकडून सांबा शिकला आणि पुढे मिरवणुकीत एकट्याने पदन्यास करणारा ‘पासिस्ता’ झाला. त्याच वर्षी वडील वारले आणि त्याच वर्षी देशात लष्करी उठाव होऊन हुकूमशाही आली, जी १९८५ पर्यंत टिकली. पहिली पारांगोले त्याच वर्षातली.

मला यातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की तो नर्तकांना आपल्या शिल्पात वापरायला गेला नव्हता. आधी स्वतः नाच शिकला, घामाघूम झाला, चुकला. आमच्याकडे ‘नृत्य आणि शिल्प यांचा संगम’ म्हणून जे होतं, त्यात बहुतेक वेळा शिल्पकार वस्तू बनवून आणतो आणि नर्तकांना सांगतो, आता हिच्याभोवती काहीतरी करा. तसं केलं की शिल्प मध्ये राहतं आणि नाच कडेने वाहून जातो.

हा शब्द कुठून आला?

रिओच्या बोलीतला. गडबड, अचानक उसळलेला गोंधळ, वायफळ बडबड असे त्याचे अर्थ. रस्त्यावर राहणाऱ्या एका माणसाने काठ्या आणि दोऱ्यांनी उभारलेल्या आडोशावर ‘इथं पारांगोले आहे’ अशा अर्थाचे शब्द ओइतिसिकाला दिसले आणि त्याने तो शब्द उचलला.

१९६५ मध्ये संग्रहालयात काय झालं होतं?

रिओच्या आधुनिक कला संग्रहालयात ऑगस्ट १९६५ मध्ये ‘ओपिनिआव ६५’ हे प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला ओइतिसिका आला तो मांगेइराच्या नर्तकांना आणि वादकांना घेऊन, केप, पताका आणि ढोलांसह. संग्रहालयाने त्यांना आत येऊ दिलं नाही. मग ते बाहेर बागेत नाचले आणि उद्घाटनाला जमलेली मंडळी त्यांना बघायला बाहेर आली.

कला सगळ्यांची आहे असं म्हणणाऱ्या इमारतीच्या दारात कोण अडवलं गेलं, हे त्या दिवशी उघड्यावर आलं. गरीब वस्तीतली काळी माणसं संग्रहालयात कलाकृती म्हणून, म्हणजे चित्रात, चालत होती. स्वतःच्या पायाने आणि स्वतःच्या ढोलासकट चालत नव्हती. हा प्रसंग सांगितला की शिबिरात एकदम शांतता होते, कारण प्रत्येकाला आपल्याकडचं कुठलं ना कुठलं दार आठवतं.

केपवर काय लिहिलेलं असे?

१९६७ च्या एका केपवरचं वाक्य प्रसिद्ध आहे. शब्दशः अर्थ ‘मी बंड माझ्या देहात सामावून घेतो’. ती केप घातलेला मांगेइराचा निल्दो छायाचित्रात दिसतो. दुसरीवर ‘मी झपाटलेला आहे’, आणखी एकीवर ‘प्रतिकूलतेवर आम्ही जगतो’.

पहिल्या दोन वाक्यांना मराठीत आयताच शब्द आहे: अंगात येणं. मूळ पोर्तुगीज क्रियापदही ब्राझीलच्या आफ्रिकी वळणाच्या धर्मांत देव किंवा आत्मा अंगात येण्यासाठी वापरतात. म्हणून मी शिबिरात ‘बंड माझ्या अंगात आलंय’ असंच भाषांतर देते. हुकूमशाहीत हे वाक्य पाठीवर घेऊन नाचणं म्हणजे काय असेल, याचा विचार करा. फलकावर लिहिलं तर पोलीस फलक हिसकावतील. इथे वाक्य घडीत आहे, नाचलं की दिसतं.

नाच यायला हवा का?

नको. पण लाज थोडी बाजूला ठेवायला हवी, आणि ते नाच शिकण्यापेक्षा अवघड आहे.

एक अनुभव सांगते. कथक किंवा भरतनाट्यम् शिकलेल्या मुली सुरुवातीला जास्त अडखळतात. त्यांची रेषा पक्की असते, हात कुठे थांबणार हे शरीराला माहीत असतं. गोणपाटाचा चार थरांचा ऐवज खांद्यावर आला की हात तिथे थांबत नाही. कापड त्याला पुढे ओढतं, नंतर मागे खेचतं. दोन दिवस त्या कापडाशी भांडतात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी भांडण सोडते, गिरकी संपल्यावर कापडाचा झोक संपेपर्यंत थांबते आणि तिथून पुढची हालचाल उचलते. त्या क्षणी खोलीतल्या सगळ्यांना कळतं की काहीतरी बदललंय. नाच तिचा एकटीचा राहिलेला नसतो.

ठेक्याबद्दलही सांगते. लेझीमचा ठेका देऊन पाहिला, तर शाळेच्या मैदानावर वाढलेले आम्ही सगळे दुसऱ्या मिनिटाला रांगेत कवायत करू लागलो! आता मी पहिला तास कसलंच वाद्य लावत नाही. कापडाचा स्वतःचा आवाज असतो. प्लास्टिक कडकडतं, गोणपाट खसखसतं. त्यावर चालायला सांगते.

प्रेक्षकाने नक्की काय करायचं?

घालायचं आणि बघायचं, आलटून पालटून. ओइतिसिका प्रेक्षकाऐवजी ‘सहभागी’ हा शब्द वापरायचा. त्याच्या टिपणांत दोन अवस्था येतात: स्वतः अंगावर घेण्याची आणि दुसऱ्याने घेतलेलं बघण्याची. एकच माणूस दोन्हीतून जातो. नुसतं बघणाऱ्याला आकार कळतो, वजन कळत नाही. नुसतं घालणाऱ्याला वजन कळतं, पण आपल्या पाठीवर काय चाललंय ते दिसत नाही. पाठीवरचं वाक्य घालणाऱ्याला वाचताच येत नाही, दुसऱ्याने वाचून दाखवावं लागतं. हे मला फार आवडतं.

रंगमंचावरचं शिल्प आणि हे, यांत फरक काय?

रंगमंचावरही थोर काम झालंय. इसामू नोगुची या शिल्पकाराने अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहॅमसाठी १९३५ मध्ये ‘फ्रंटियर’ या नृत्याला एक कुंपण आणि त्याच्यापासून वर फाकत जाणारे दोन दोर दिले. एवढ्यावर अमेरिकेचं अफाट माळरान उभं राहिलं. १९४६ च्या ‘केव्ह ऑफ द हार्ट’मध्ये त्याने मिडिया या ग्रीक पुराणकथेतल्या नायिकेसाठी पितळी तारांचा एक काटेरी आकार केला. नर्तकी शेवटी त्याच्या आत शिरते आणि तो तिच्याबरोबर हलतो. पारांगोलेच्या अठरा वर्षं आधी शिल्प अंगावर आलं होतं.

अलीकडचं उदाहरण ‘सूत्र’ या २००८ च्या नृत्याचं. सिदी लार्बी शेरकावी यांची रचना, शाओलिन मठाचे भिक्षू नाचणारे आणि शिल्पकार अँटनी गॉर्मली यांची माणसाच्या मापाची २१ लाकडी खोकी. खोकी कधी भिंत होतात, कधी शवपेट्या, कधी कमळ.

पण या दोन्हींत आपण अंधारात खुर्चीवर बसलेलो असतो. वजन दुसरं कुणीतरी उचलतं. विल्यम फोरसाइथ हे नृत्यरचनाकार मात्र दुसऱ्या बाजूने पारांगोलेच्या जवळ आले. त्यांच्या एका कामात छताला व्यायामशाळेतल्या असंख्य कड्या वेगवेगळ्या उंचीवर टांगलेल्या असतात आणि बघायला आलेल्यांनी जमिनीला पाय न लावता त्यांतून पलीकडे जायचं असतं. नर्तक एकही नाही. तिथे आपलं वजन आपल्याला पहिल्यांदा नीट समजतं.

त्या काळात ब्राझीलमध्ये आणखी कोण असं काम करत होतं?

दोन लिजिया. लिजिया क्लार्क १९६० पासून धातूचे पत्रे बिजागऱ्यांनी जोडून ‘बिशू’ करत होती, म्हणजे प्राणी. (बिजागरी हा आपला शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला.) ते हातात घेऊन दुमडायचे, उलगडायचे, एक पत्रा हलवला की दुसरा आपोआप उठतो. आणि लिजिया पापे. तिने रेनाल्दो जार्दिमबरोबर १९५८ मध्ये एक बॅले केला, ज्यात नर्तक पोकळ नळकांड्यांच्या आणि चौकोनी खांबांच्या आत दडलेले होते आणि दिसत होती फक्त हलणारी भूमिती. दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, तिनेच एक अवाढव्य पांढरं कापड केलं, त्याला डोकी बाहेर काढायला छिद्रं. माणसं त्याखाली शिरतात, डोकं बाहेर काढतात आणि सगळे एकत्र चालतात. प्रत्येकाचं डोकं वेगळं, शरीर सामाईक. कुणी एक जण थांबला तर कापड ताणतं आणि सगळ्यांना कळतं.

आमच्या शिबिरात सर्वांत यशस्वी होणारा प्रयोग या कापडावरूनच सुचलेला आहे. बारा माणसं आणि मांजरपाटाचा एक तागा पुरतो.

आम्ही कॉलेजात किंवा गच्चीवर करू शकतो का? काय लागेल?

जरूर. १९६८ च्या सुमारास ओइतिसिकाने स्वतःच एक कृती दिली होती: तीन मीटर कापड घ्या, अंगावरच टाचण्या लावून रचना करा, मग शिवा, आणि ती अंगावरून न फाडता काढता आली पाहिजे, म्हणजे दुसऱ्यालाही घालता येईल. शेवटची अट विसरू नका. जे एकालाच घालता येतं ते त्याचं कपाटातलं कापड झालं.

आम्ही असं करतो. जोड्या पाडतो. एक उभा राहतो, दुसरा रचतो. रचणाऱ्याने बोलायचं नाही. उभ्या माणसाने मात्र हलत राहायचं. हात वर, बसणं, वळणं. त्यामुळे रचणाऱ्याला ताबडतोब समजतं की काखेत कुठे ओढ बसते आणि गुडघ्याशी काय अडकतं. पुतळ्यासारखं स्थिर उभं करून रचलेली केप पहिल्याच उडीत उसवते.

कापडं मिसळा. पहिलं वजनदार: गोणपाट किंवा जुनी सतरंजी. दुसरं हवा धरणारं: मच्छरदाणी, जुनी नायलॉनची साडी. तिसरं आवाज करणारं: खताच्या पिशवीचं प्लास्टिक. वजनदार थर खाली ठेवला तर गिरकीत तो बाहेर फेकला जातो आणि हलके थर मागून येतात. उलट ठेवला तर सगळं अंगाला चिकटतं. हे वाचून कळत नाही, दोन्ही करून बघा.

एकूण वजन दोन किलोंच्या वर नेऊ नका. पाच मिनिटांत मान दुखायला लागते आणि दुखरी मान काही शोधत नाही. आतल्या थराला एखादा खिसा ठेवा, त्यात काहीतरी दडवा. एका मुलीने त्यात आजीच्या बटव्यातली सुपारी आणि लवंग ठेवली होती. नाचताना वास यायचा. बघणाऱ्यांना तो यायचा नाही, पण केप घालणारा प्रत्येक जण मध्येच थांबून खांद्याकडे नाक नेत असे, आणि ती हालचाल त्या केपची खूण होऊन बसली.

इजा होत नाही का?

होऊ शकते. लंडनच्या टेट गॅलरीत १९७१ मध्ये रॉबर्ट मॉरिस या शिल्पकाराने उतरत्या फळ्या, तुळया, दोर आणि लोळवायचे दंडगोल मांडून लोकांना चढायला सांगितलं. लोक इतके रंगले की माणसं जखमी झाली आणि काही दिवसांतच प्रदर्शन बंद करावं लागलं. २००९ मध्ये टेट मॉडर्नमध्ये ते पुन्हा उभं केलं, तेव्हा बांधणी जास्त सुरक्षित होती.

आमच्याकडेही एकदा झालं. माझीच चूक. केपचा मागचा पदर घोट्याच्या खाली सोडला होता, तो दिसायला सुंदर होता म्हणून. मागे सरकताना एका मुलीचा पाय त्यावर पडला आणि ती पाठीवर आपटली. मनगट दोन आठवडे बांधलेलं होतं. तेव्हापासून मागची कड पोटरीच्या वरच.

बाकीचे नियम: गळ्याभोवती गाठ कधीच नाही, ओढल्यावर सुटेल असं वेल्क्रो लावा. डोकं झाकायचं असेल तर डोळ्यांसमोर जाळी हवी, जाड कापड नको. नायलॉन आणि प्लास्टिक असेल तर दिवे, पणत्या, उघडी ज्योत खोलीत नको. पाय उघडे, फरशी कोरडी. आणि एक माणूस असा ठेवा ज्याचं काम फक्त लक्ष ठेवण्याचं असेल.

कुणाला भाग घ्यायचा नसेल तर?

तर नाही घ्यायचा. गर्दीतून हात धरून ओढणं, केप परस्पर खांद्यावर टाकणं हे मला अजिबात मान्य नाही. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत हे सर्रास चालतं आणि कित्येकांना ते छळासारखं वाटतं. केप जमिनीवर किंवा खुंटीवर, हाताला येईल अशी ठेवा. घालून दाखवा. मग वाट बघा. अनोळखी माणसाला केप चढवताना आधी विचारा की मदत हवी का, आणि हात खांद्यापुरते ठेवा.

व्हीलचेअरवरच्या व्यक्तीला, म्हाताऱ्यांना, लहान मुलांना जमेल?

मुलांना सर्वांत आधी जमतं. त्यांच्यासाठी लांबी आणि वजन अर्धं करा. चाकाच्या खुर्चीसाठी केप चाकांपासून वर आणि पुढच्या बाजूला जास्त थरांची रचा. खुर्चीची गिरकी माणसाच्या गिरकीपेक्षा सलग असते, कापड तिच्यात सुंदर उघडतं. वयस्कांसाठी बसून, फक्त हातांवर येणारी रचना.

मूळ पारांगोले आज घालायला मिळतात का?

सहसा नाही. संग्रहालयं मूळ कापडं जपून ठेवतात आणि घालण्यासाठी प्रतिकृती करतात. ओइतिसिका १९८० मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याचं बरंच काम रिओमध्ये भावाच्या घरी होतं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये तिथे आग लागून त्यातलं खूप काही जळालं.

मूळ जपावं हे मला पटतं. पण निव्वळ मूळ टांगून ठेवलं आणि प्रतिकृती केलीच नाही, तर भिंतीवर जे उरतं ते वाळत घातलेल्या धुण्यापेक्षा फार वेगळं नसतं. एका दालनाने आमच्या केप मागितल्या होत्या, समोर दोरी बांधून ‘हात लावू नये’ ही पाटी लावण्याच्या अटीवर. आम्ही दिल्या नाहीत.

हे आपल्याकडे आधीपासून आहेच ना?

प्रत्येक शिबिरात कुणीतरी अभिमानाने म्हणतं, आणि त्यात तथ्य आहे. माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातलं. शिमग्यात पालखी नाचवतात. देवाची रूपं लावलेली पालखी खांद्यावर, मग डोक्यावर, मग पुन्हा खाली. पालखीला स्वतःचा झोक असतो आणि खालचा माणूस त्या झोकाला विरोध करत नाही, त्याच्या आत शिरतो. माझे मामा म्हणायचे, पालखी नाचते, आपण नुसते पाय टाकतो. शिबिरातली मुलगी तिसऱ्या दिवशी जे शिकते ते हेच. गोव्यात, विशेषतः सत्तरी भागात, घोडेमोडणीत नर्तक बांबूच्या सांगाड्याचा सजवलेला घोडा कमरेला बांधून, हातात तलवार घेऊन, ढोल-ताशांवर नाचतात. घोडा कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो हे काही वेळाने सांगता येत नाही.

ग्रंथांतही हे नातं आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ती घडवायला शिकवा म्हणतो. ऋषी म्हणतात, आधी चित्र समजायला हवं. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गायन. तोही प्रश्नोत्तरांचाच मजकूर! आणि साताऱ्याच्या नटराज मंदिरात नाट्यशास्त्रातली १०८ करणं, म्हणजे हातापायांच्या एकत्रित नृत्यहालचाली, शिल्पांत आहेत. त्यांचं संकल्पन पद्मा सुब्रह्मण्यम् यांचं, म्हणजे एका नर्तकीचं.

तरीही मी पालखीला पारांगोले म्हणणार नाही. पालखीत देव आहे. ती नाचवण्याचा मान ठरलेला असतो, घराण्यांचे हक्क असतात, रुसवेफुगवे असतात. तिथून शरीराचं शहाणपण जरूर शिकावं. पण पालखीची नक्कल करून ती दालनात ‘सहभागी कलाकृती’ म्हणून फिरवणं मला जमणार नाही. पारांगोले कुणाच्या मानाची नसते, रांगेत पुढे असेल त्याची असते.

छायाचित्र काढायचं की व्हिडिओ?

दोन्ही काढा, पण नाचणाऱ्याच्या परवानगीने, आणि पहिल्या दिवशी काहीच नको. कॅमेरा दिसला की लोक कापडाकडे लक्ष देणं सोडून चेहऱ्याकडे देतात. काएतानो वेलोझो या गायकाचं १९६८ चं पारांगोले घातलेलं छायाचित्र जगभर फिरलं आणि त्याने या कामाचं भलंही झालं. पण त्या छायाचित्रातून केपचं वजन कळत नाही.

एकच केप इतके जण घालतात, मग धुवायची कशी?

सुती आणि मच्छरदाणीचे थर सुटे करता येतील असेच टाका. ते गार पाण्यात, साध्या साबणाने धुवा. गोणपाट धुऊ नका, झटकून कडक उन्हात पालथं घाला. प्लास्टिक ओल्या फडक्याने पुसा. खिशातली सुपारी आधी काढा. इस्त्री मात्र करू नका. आधीच्या माणसाने कोपर कुठे दुमडलं होतं, ते चुण्यांत राहतं, आणि पुढच्याचा हात नकळत तिथूनच सुरू होतो.